जुनी लक्झरी एसयूव्ही घेताय? आधी तिची दुसरी किंमत काढा



गेल्या काही महिन्यांत एकच प्रश्न सारखा येतोय. "सर, धंदा आता बऱ्यापैकी बसलाय. नव्या साध्या एसयूव्हीच्या पैशात जुनी ऑडी नाहीतर बीएमडब्ल्यू मिळतेय. घेऊ का?" व्हिडिओमध्ये मी यावर बोललो आहे, पण तिथे आकडे आणि कागदपत्रं सावकाश सांगता येत नाहीत. म्हणून इथे सगळं नीट लिहून देतोय.

सुरुवात एका खऱ्या अनुभवाने करतो. माझ्या बॅचमधला एक मुलगा, नाशिकचा. मॉड्युलर किचनचं काम करतो, हात चांगला, गिऱ्हाईक चांगलं. त्याने सात वर्षं जुनी जर्मन एसयूव्ही घेतली, तेरा लाखांना. नवीन घ्यायची तर चाळीसच्या पुढे. गाडी दिसायला आरशासारखी. चौथ्या महिन्यात गिअर बदलताना झटके यायला लागले. वर्कशॉपने एस्टिमेट दिलं सव्वातीन लाखांचं. त्याच आठवड्यात दोन गिऱ्हाइकांचे ॲडव्हान्स खात्यात जमा झाले होते. ते पैसे गिअरबॉक्समध्ये गेले. मग हार्डवेअरवाल्याचं बिल थकलं, त्याने उधारी बंद केली, आणि दोन किचनची कामं दीड महिना रखडली.

मला फोन केला तेव्हा तो म्हणाला, "सर, गाडी तेरा लाखांची होती, मग रिपेअर चाळीस लाखांच्या गाडीचा कसा काय?"

मित्रांनो, आजचा सगळा लेख या एका प्रश्नाचं उत्तर आहे. गाडीची किंमत घसरते, तिच्या सुट्या भागांची घसरत नाही. तुम्ही गाडी तेरा लाखांना घेतली असली, तरी तिचा हेडलाइट, तिचा गिअरबॉक्स, तिचं सस्पेन्शन हे चाळीस लाखांच्या गाडीचंच असतं.

## आधी ठरवा, गाडी कशासाठी?

स्वतःला एक प्रश्न विचारा. गेल्या वर्षभरात किती गिऱ्हाइकांनी तुमची गाडी पाहिली? इंटिरिअर, बांधकाम, इव्हेंट, प्रॉपर्टी अशा कामात तुम्ही गिऱ्हाइकाच्या दारात जाता, त्याला साइटवर घेऊन जाता. तिथे गाडीचा थोडाफार परिणाम होतो, हे मी नाकारत नाही. महिन्याला तीन-चार हजार किलोमीटर हायवेवर फिरणाऱ्याला मजबूत बांधणी, चांगले ब्रेक आणि आरामशीर सीट यांचा खराच उपयोग आहे.

पण तुमचा माल दुकानातून विकला जातो, ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात, आणि गाडी दिवसभर सोसायटीत उभी राहणार, तर ती हौस आहे. हौसही करावी, त्यात चूक काही नाही! फक्त ती घरच्या पैशातून करा. धंद्याच्या खेळत्या भांडवलातून करू नका.

## दुसरी किंमत म्हणजे काय?

डीलर सांगतो ती पहिली किंमत. गाडी घरी आल्यापासून पहिल्या वर्षात जे लागतं ती दुसरी. चौदा लाखांच्या गाडीचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गाडीचे आकडे वर्कशॉपकडून विचारून घ्या.

- नावावर करणं आणि विमा: ७०,०००
- घेण्याआधीची तपासणी: १०,०००
- पहिली मोठी सर्व्हिस (इंजिन ऑइल, गिअरबॉक्स ऑइल, सगळे फिल्टर, ब्रेक ऑइल, कूलंट): ७०,०००
- चार टायर: ८०,०००
- ब्रेक पॅड, डिस्क, बॅटरी: ६०,०००
- अचानक येणाऱ्या कामासाठी राखीव: २,१०,०००

बेरीज झाली पाच लाख. म्हणजे चौदाची गाडी तुम्हाला एकोणीसला पडते. माझा साधा ठोकताळा असा: सांगितलेल्या किमतीत तिचा एक तृतीयांश मिळवा. ती रक्कम धंद्याला धक्का न लावता बाजूला काढता येत असेल, तरच पुढे जा. हातात एकोणीस असतील, तर गाडी चौदाची बघा. हातात चौदा असतील, तर साडेदहाची बघा, नाहीतर नवीन साधी गाडी घ्या आणि निवांत झोपा.

टायर चांगले निघाले, ब्रेक चांगले निघाले, तर पैसे वाचले. ते राखीव खात्यात टाका आणि दर महिन्याला आठ-दहा हजारांची भर घालत राहा. नाशिकच्या त्या मुलाची गाडी बिघडली, ही त्याची चूक नव्हती. गाडी बिघडणारच. त्याने राखीव ठेवलं नव्हतं, चूक ती होती.

विम्यातही एक खाच आहे. "विमा आहे ना, मग काय!" असं बरेच जण म्हणतात. एक तर विमा अपघाताचा असतो, झिजेचा नाही. गिअरबॉक्स झिजून गेला तर कंपनी पैसे देत नाही. दुसरं म्हणजे झिरो डेप्रिसिएशन कव्हर जुन्या गाडीला सहज मिळत नाही. ते नसेल, तर पाच ते दहा वर्षं वयाच्या गाडीच्या धातूच्या भागांवर ४० टक्के घसारा कापतात, आणि प्लास्टिक, रबर, बॅटरीवर ५० टक्के. बंपर प्लास्टिकचा. म्हणजे लाखाचा बंपर बदलला, तर पन्नास हजार तुमच्या खिशातून. सौदा करण्याआधी विमा एजंटला विचारा, "या गाडीला झिरो डेप मिळेल का?" उत्तर 'नाही' आलं, तर राखीव रक्कम वाढवा.

## कोणती गाडी, किती जुनी?

आपल्याकडे या वर्गात जुन्या बाजारात मुख्यतः चार नावं दिसतात: ऑडी क्यू३, बीएमडब्ल्यू एक्स१, मर्सिडीज जीएलए आणि व्होल्वो एक्ससी४०. एक्स१ भारतात २०१० च्या शेवटी आली, क्यू३ २०१२ मध्ये, जीएलए २०१४ मध्ये आणि एक्ससी४० २०१८ मध्ये. "यात सगळ्यात भरवशाची कोणती?" असं विचाराल, तर माझं उत्तर एकच: जिचा सर्व्हिसचा पूर्ण रेकॉर्ड आहे ती. बिल्ला नंतर बघा, फाइल आधी.

तरी प्रत्येकात काय तपासायचं ते माहीत असावं.

गिअरबॉक्स. क्यू३ आणि जीएलए या गाड्यांमध्ये ड्युअल क्लच गिअरबॉक्स असतो. पळतो छान, पण त्याचं ऑइल वेळेवर बदलावं लागतं, साधारण ६० हजार किलोमीटरच्या आसपास. ७० हजार चाललेली गाडी आहे आणि फाइलमध्ये गिअरबॉक्स ऑइलचं बिल नाही, तर भाव पाडून मागा किंवा सोडून द्या. एक्ससी४० पेट्रोलमध्ये नेहमीचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे. ट्रॅफिकमध्ये रांगत चालायला तो प्रकार जास्त सहनशील असतो.

टायमिंग चेन. पहिल्या पिढीच्या एक्स१ मधलं दोन लिटरचं डिझेल इंजिन चेनच्या झिजेसाठी जगभर ओळखलं जातं. चेन इंजिनच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे आहे. त्यामुळे काम निघालं की मजुरीच मोठी होते. स्वस्तात दिसणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या एक्स१ ला सकाळी थंड असताना स्टार्ट करा. मागून खरखर ऐकू आली, तर नमस्कार करून परत या.

पेट्रोल की डिझेल? १ एप्रिल २०२० पासून बीएस६ लागू झालं. त्यानंतरच्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात त्याला. तो स्वतःला साफ करायला गाडी हायवेवर सलग पळावी लागते. घर ते दुकान पाच किलोमीटर एवढंच चालवणार असाल, तर फिल्टर भरतो, लाइट लागतो, आणि खर्च सुरू होतो. रोजचं फिरणं शहरातलं असेल, तर पेट्रोल घ्या. महिन्याला हजारो किलोमीटर हायवे असेल, तर डिझेलला अर्थ आहे.

वय. माझ्या मते चार ते सहा वर्षांची गाडी बरी. पहिल्या मालकाने घसरणीचा मोठा घास खाल्लेला असतो, आणि मोठी कामं अजून सुरू झालेली नसतात. वयाबरोबर रबराचे भाग, सस्पेन्शनचे बुश, पाण्याचे पाइप आणि इलेक्ट्रॉनिक्स ही कामं रांगेत उभी राहतात.

अंतर. हे सगळ्यात जास्त विसरलं जातं. तुमच्या गावापासून त्या कंपनीचं वर्कशॉप किती लांब आहे? मुंबई-पुण्याच्या माणसाला फरक पडत नाही. पण तुम्ही लातूरला किंवा चिपळूणला असाल, तर एका बिघाडात फ्लॅटबेडचं भाडं, दोन दिवस आणि एक मुक्काम जातो. आसपास त्या ब्रँडचं काम करणारा, स्कॅनर असलेला जाणकार मेकॅनिक आहे का, हे गाडी बघण्याआधी शोधा.

## कागद बघा, मग गाडी बघा

गाडी पाहिली की मन अडकतं. म्हणून घरी बसूनच आधी हे मागवा:

1. आरसी. एमपरिवाहन ॲपवर नंबर टाका. मालक कितवा, नोंदणी कधीची, विमा कधीपर्यंत, हे दिसतं. चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळवा.
2. कर्जाचा बोजा. आरसीवर हायपोथिकेशन असेल, तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. "आठ दिवसांत आणून देतो" हे वाक्य ऐकलं, की तेवढी रक्कम रोखून धरा.
3. चलन. ई-चलनाच्या साइटवर थकबाकी बघा. ती विकणाऱ्याने भरायची.
4. सर्व्हिस रेकॉर्ड. अधिकृत वर्कशॉपमधली सगळी नोंद मालकाला मिळू शकते. प्रत्येक नोंदीत तारीख आणि किलोमीटर असतात. मीटर मागे केलेला असेल, तर इथेच पकडला जातो. मालक रेकॉर्ड द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तेच उत्तर समजा.
5. विम्याचे क्लेम. जुनी पॉलिसी मागा. नो क्लेम बोनस दरवर्षी वाढतोय की मध्येच शून्यावर आलाय? शून्यावर आला असेल, तर त्या वर्षी काय झालं ते विचारा.
6. दुसऱ्या राज्याचा नंबर. दिल्लीची गाडी स्वस्त का दिसते? तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. इथे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी, इथली नोंदणी आणि महाराष्ट्राचा कर, एवढं सगळं येतं. आणि गाडी कंपनीच्या नावावर घेतली, तर आपल्याकडे कर वैयक्तिक नावापेक्षा जास्त बसतो. हे सगळं मिळवून मगच स्वस्त की महाग ते ठरवा.

डीलरकडून घेत असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते दाखवायला सांगा. विचारायला लाजू नका, पैसे तुमचे आहेत.

## प्रत्यक्ष बघायला जाताना

सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा, "मी येईपर्यंत गाडी चालू करू नका." बोनेटला हात लावा. गरम लागलं, तर कोणीतरी आधीच गाडी चालू करून ठेवली आहे.

चावी फिरवल्यावर इंजिन आणि एअरबॅगचे लाइट लागून विझले पाहिजेत. मुळात लागलेच नाहीत, तर लाइट काढून टाकला असण्याची शक्यता असते. मग अर्धा-पाऊण तास चालवा. थोडं ट्रॅफिकमध्ये रांगत, थोडं हायवेला, थोडं खराब रस्त्यावर. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये झटका, चढावर घसरल्यासारखं वाटणं, स्पीडब्रेकरवर खडखड, हे सगळं वहीत लिहा.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. चारही टायर वेगवेगळ्या कंपनीचे असतील, तर मालकाने बाकीच्या देखभालीतही काटकसर केली असणार. अनेक बीएमडब्ल्यू गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. ते साध्या टायरपेक्षा महाग, आणि डिकीत स्टेपनी नसते. हा हिशोबही धरा.

पुराची गाडी ओळखा. २००५ ची मुंबई आठवा, २०१९ चं सांगली-कोल्हापूर आठवा. पाण्यात बुडालेली गाडी धुऊन पुसून बाजारात येते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला चिखलाचा डाग दिसतो का? डिकीतलं कार्पेट उचला, सीटखालचे बोल्ट गंजलेत का? आत परफ्यूमचा वास नको इतका येतोय का? या गाड्यांमध्ये कंट्रोल मॉड्यूल आणि वायरिंग बरंच खाली असतं. पाणी गेलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका.

शेवटी गाडी तुमच्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये न्या. विकणाऱ्याच्या ओळखीच्या नको! लिफ्टवर चढवून ऑइल गळती बघा, आणि स्कॅनर लावा. मेकॅनिकला एवढंच विचारा, "एरर नुकतेच पुसलेत का?" चांगल्या स्कॅनरवर ते कळतं. आठ-दहा हजार लागतील, पण तुमच्या संपूर्ण खरेदीतला हा सगळ्यात स्वस्त खर्च आहे. मालक तपासणीला नाही म्हणाला, तर तुम्हीही गाडीला नाही म्हणा. आणि हो, दोन्ही चाव्या मागा. दुसरी चावी नसेल तर ती बनवायलाच बरेच पैसे जातात.

## पैसे आणि टॅक्स

"टॅक्स वाचतो म्हणून घेतली," असं म्हणणारे बरेच भेटतात. चला, हिशोब करू.

गाडी धंद्याच्या नावावर घेतली, तर घसारा मिळतो वर्षाला १५ टक्के. चौदा लाखांवर २,१०,०००. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली, तर त्याच्या निम्मा. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर पहिल्या वर्षी वाचले ६३ हजार. म्हणजे ६३ हजार वाचवायला चौदा लाख घातले! त्यातून घरगुती वापराचा भाग वजा. आणि तुम्ही अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत रिटर्न भरत असाल, जिला बरेच जण ४४एडी म्हणून ओळखतात, तर घसारा वेगळा मिळतच नाही.

जीएसटीचं इनपुट क्रेडिट? प्रवासी गाडीवर नेहमीच्या धंद्याला ते मिळत नाही. कायद्यात चालकासह १३ सीटपर्यंतच्या गाड्यांना ते रोखलेलं आहे. अपवाद गाड्या विकणारे, प्रवासी वाहतूक करणारे आणि ड्रायव्हिंग स्कूलवाले. "बिल देतो, क्रेडिट घ्या" असं कोणी सांगितलं, तर आधी सीएला फोन लावा.

पैसे बँकेतूनच द्या. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला कायद्याने बंदी आहे. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूपोटी एका दिवसात दहा हजारांवर रोख दिले, तर त्या रकमेवर घसाराही मिळत नाही.

भाव करताना एक मुद्दा नक्की वापरा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी आणि सेस मिळून होणारा भार ४० टक्क्यांवर आला. त्याआधी एसयूव्हीवर तो ५० टक्क्यांपर्यंत जात होता. म्हणजे नवीन गाडीच स्वस्त झाली. मग जुनीचा भाव २०२४ च्या हिशोबाने का? हे शांतपणे विचारा आणि गप्प बसा. समोरचा बोलेल.

सौदा झाल्यावर फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घ्या. विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करायला अर्ज द्या, आणि आरटीओत ३० दिवसांच्या आत. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही.

## शेवटचं

इचलकरंजीच्या एका ताईंनीही अशीच गाडी घेतली. पॅकेजिंगचा व्यवसाय, पुणे-मुंबई सतत. दीड महिना शोधलं, चार गाड्या नाकारल्या. एकीचा मीटर मागे केलेला, एकीला बोजा, एक पुरातली, एकीचा मालक स्कॅनरला तयार नव्हता. पाचवी घेतली, पंच्याहत्तर हजारांनी महाग, पण पहिल्या दिवसापासूनची फाइल असलेली. राखीव खातं वेगळं उघडलं. दुसऱ्या वर्षी सस्पेन्शनचं ८५ हजारांचं काम निघालं. ताई म्हणाल्या, "सर, वाईट वाटलं, पण त्या महिन्याचे पगार एक तारखेलाच झाले."

नाशिकच्या मुलाने शेवटी गाडी तोट्यात विकली. आता साधी नवीन एसयूव्ही चालवतो आणि ऑर्डर पूर्वीइतक्याच येतात. पाच वर्षांनी परत घेईन म्हणतो, आणि घेईलच. पण आता त्याला हिशोब माहीत आहे.

तुम्हीही टोकन देण्याच्या आदल्या रात्री वही घेऊन बसा आणि एकच प्रश्न लिहा: पुढच्या महिन्याच्या एक तारखेला तीन लाखांचं बिल आलं, तर माझ्या माणसांचे पगार आणि माझ्या व्यापाऱ्याचे पैसे वेळेवर जातील का? उत्तर 'हो' असेल, तर बिनधास्त घ्या, पेढे वाटा. 'नाही' असेल, तर थांबा. गाड्या बाजारात रोज येतात. व्यापाऱ्याचा विश्वास एकदा गेला, की परत मिळवायला फार वर्षं लागतात.

भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत हिशोब चोख ठेवा!